बंद करणारे: नंदकुमार खटावकर

आपल्याला नोकरीवरून काढलंय, अशी सरोजची दोन तास खात्री झाली होती, आणि ही बातमी तिला कॉम्प्युटरनं दिली होती.

चंडीगढच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीची चाचणी प्रयोगशाळा आहे. गोळ्या डेराबस्सीच्या कारखान्यात बनतात आणि तपासायला इथे येतात. सरोज तिथे सहायक होती. सोलनकडची बाई, कामाला वाघ, इंग्रजी बेताचं. मार्चमधल्या एका सकाळी तिनं नेहमीसारखी फ्रिजच्या तापमानाच्या नोंदींची फाइल उघडायला घेतली, तर पडद्यावर लाल चौकट आली. ‘ॲक्सेस डिनाइड. कॉन्टॅक्ट युअर ॲडमिनिस्ट्रेटर.’ त्यातला ‘डिनाइड’ तिच्या ओळखीचा होता. तिच्या दिराला कॅनडाचा व्हिसा नाकारला तेव्हा कागदावर हाच शब्द आला होता आणि घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणजे पहिल्या मजल्यावरचं ॲडमिन ऑफिस, असा तिनं अंदाज बांधला. एप्रन काढून त्याची घडी घातली, डबा उचलला आणि वर जाऊन बाकावर बसली. तिथल्या बाबूनं विचारलं, “क्या किया है तुमने?” त्यावर आपण काय केलं असेल, ते ती आठवत बसली.

नंदकुमार खटावकरच्या कानावर हे आलं तेव्हा अकरा वाजून गेले होते. प्रयोगशाळेतले सगळे कॉम्प्युटर, सर्व्हर आणि कोणाला कोणती फाइल उघडता यावी याच्या याद्या त्याच्या ताब्यात होत्या. चौकटीतला ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे तोच. आदल्या संध्याकाळी त्यानंच ती फाइल नव्या फोल्डरमध्ये हलवली होती आणि यादीत सरोजचं नाव घालायचं राहून गेलं होतं. नाव घालायला मिनिटभरही लागलं नाही. मग तो वर गेला.

“सरोजजी, कुछ नहीं हुआ है. गलती मेरी थी.”

सरोजनं डोळे पुसले आणि सरळ विचारलं, “तो सर, उसमें ये लिखा क्यों नहीं था?”

तो खाली आला आणि ती लाल चौकट उघडून पुन्हा वाचत बसला.

नंदकुमार मूळचा खटाव तालुक्यातला. चोवीस वर्षं वायुदलात विमानांची देखभाल केली, शेवटची बदली चंडीगढला झाली आणि मुलीचं शिक्षण चालू होतं म्हणून निवृत्तीनंतर तो इथेच राहिला. वायुदलात विमानाचा एखादा भाग काम चालू म्हणून बंद ठेवला की त्यावर लाल पट्टी बांधत. पट्टीवर लिहिलेलं असे, कोणी बांधली, कधी बांधली, का बांधली आणि कोणाला विचारून सोडायची. नवखा पोरगासुद्धा ती वाचून काय करायचं ते समजे. इथे मात्र शिकलेली माणसं एका चौकटीपुढे हवालदिल होत होती. त्या दिवसापासून त्यानं एक वही केली. कोणाचाही फोन आला की तो आधी विचारायचा, “चौकट बघून तुम्हाला काय वाटलं?” आणि उत्तर जसंच्या तसं लिहून ठेवायचा. एकाला वाटलं, व्हायरस आला. एका म्हाताऱ्या केमिस्टला वाटलं, आपली मुदतवाढ नामंजूर झाली. दोघांनी घाबरून कॉम्प्युटर बंदच करून टाकला. आणि निम्म्या लोकांनी काय केलं, तर शेजारच्याचा पासवर्ड मागून घेतला आणि त्याच्या नावानं काम केलं.

हे शेवटचं पान घेऊन तो देवदत्त मिराशींकडे गेला. मिराशी म्हणजे गुणवत्ता विभागाचे प्रमुख, मूळचे नाशिकचे. चार वर्षांपूर्वी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झाली आणि त्यांनीच नंदकुमारला या नोकरीत आणलं. मिराशींनी पान वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला. दुसऱ्याच्या नावानं नोंद करणं हा औषधाच्या धंद्यात मोठा गुन्हा. तपासणीला आलेल्या माणसाला एवढं एक सापडलं तरी कारखान्याला कुलूप लागायची वेळ येते.

“करा तुम्ही, नंदकुमारराव,” ते म्हणाले. “एकदम सोप्या भाषेत करा. कोणी कोणाचा पासवर्ड मागता कामा नये.”

मोहालीतल्या सॉफ्टवेअर कंपनीची रागिणी नावाची मुलगी मदतीला मिळाली. ती कोड लिहायची आणि नंदकुमार वाक्यं लिहायचा. पहिलं वाक्य त्यानं मोठ्या हौसेनं लिहिलं, “आपको इस फाइल की अनुमति प्राप्त नहीं है.” ते त्यानं सरोजला दाखवलं. सरोज म्हणाली, हे कोर्टाच्या नोटिशीसारखं वाटतं. मग तिनंच सांगितलं, “सर, सबसे पहले ये लिखो कि मुझसे गलती नहीं हुई.” त्यानं तेच लिहिलं. “आपसे कोई गलती नहीं हुई है.” त्याखाली ही फाइल का बंद आहे, कोणाला विचारायचं, त्यांचा एक्स्टेंशन नंबर काय. हिंदीत, खाली इंग्रजीत. एकेका वाक्यावर त्यानं चार-चार दिवस घालवले. घरी बायकोला, वंदनाला, वाचून दाखवायचा. ती शाळेत शिकवायची, त्यामुळे मुलांना प्रश्न कसा कळतो आणि कसा कळत नाही हे तिला ठाऊक होतं. ती म्हणायची, “अहो, एका वाक्यात एकच गोष्ट सांगा.”

एकदा रागिणीनं विचारलं, “सर, सिस्टम में तो ये भी है कि किसने बंद किया और किस तारीख को. वो भी दिखा दूँ?”

त्याला ती लाल पट्टी आठवली. “दिखाओ ना,” तो म्हणाला. “नाम पता चले तो आदमी की आधी उलझन चली जाती है.”

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी नवी चौकट सुरू झाली. आधी दिवसाला पंधरा-सोळा फोन यायचे, ते दोन-तीनवर आले. पासवर्ड मागणं जवळजवळ थांबलं. मिराशींनी बैठकीत सगळ्यांसमोर त्याला उभं केलं आणि टाळ्या वाजवल्या. अंगावरचा गणवेश उतरल्यापासून नंदकुमारला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. घरी जाताना त्यानं सेक्टर बत्तीसच्या बाजारातून वंदनासाठी गाजराचा हलवा बांधून घेतला.

तिसऱ्या आठवड्यात ज्ञानदा त्याच्या केबिनमध्ये आली.

ज्ञानदा इंगळे अकोल्याची. एमएस्सी करून दीड वर्षापूर्वी इथे केमिस्ट म्हणून लागली होती. सेक्टर बत्तीसमध्ये पीजीत राहायची आणि दर रविवारी खटावकरांकडे जेवायला यायची. वंदनाला काकू, त्याला काका. प्रयोगशाळेत चारचौघांत सर म्हणायची, पण केबिनमध्ये आली की काकाच. त्या दिवशी तिनं दार लावून घेतलं, एक कागद त्याच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “सर, हे तुम्ही वाचा.”

पडद्याची प्रिंट होती. त्याचीच चौकट, त्याचीच वाक्यं. तुमच्याकडून काही चूक झालेली नाही. हे फोल्डर तुमच्यासाठी बंद केलेलं आहे. बंद केल्याची तारीख, १९ जून, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. बंद करणारे: नंदकुमार खटावकर. विचारण्यासाठी संपर्क: नंदकुमार खटावकर, एक्स्टेंशन २१४.

त्यानं ते दोनदा वाचलं. आठवायला काही लागलंच नाही. जूनमधली दुपार, हातात चहाचा पेला, मिराशींचा फोन. “नंदकुमारराव, ते रक्तदाबाच्या गोळीचं स्टॅबिलिटीचं फोल्डर आहे ना, त्यातून त्या इंगळेचं नाव काढा जरा. फॉर्म नंतर पाठवतो.” त्यानं पेला खाली न ठेवता एका हातानं काढलं होतं. फॉर्म आला नाही आणि त्यानंही मागितला नाही.

“मिराशी साहेबांनी सांगितलं होतं,” तो म्हणाला.

“कागद आहे?”

“नाही.”

ती बसली नाही. उभ्यानंच बोलत राहिली, आवाज न चढवता. “मी वीस जूनला तुम्हाला फोन केला होता. तुम्ही म्हणाले, सर्व्हरचं काम चालू असेल. मग जुलैत दोनदा केला. आठवते?”

“आठवतं.”

“पहिल्या वेळी तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या वेळी लक्षात नव्हतं गं. खरंच नव्हतं.”

“आणि नंतर?”

जुलैत तिचा फोन आल्यावर त्यानं यादी उघडून पाहिली होती. स्वतःचं नाव, तारीख, वेळ, सगळं तेव्हाही तिथे होतं. वरच्यांचं काहीतरी असेल, आपण मध्ये कशाला पडा, असं मनाशी म्हणून त्यानं यादी मिटली होती आणि फोनवर तिला सांगितलं होतं, “चाललंय काहीतरी, थांब थोडं.”

“काका, ऑगस्टमध्ये तुमच्या घरी जेवताना मी पुन्हा विचारलं,” ज्ञानदा म्हणाली. “तुम्ही माझ्या ताटात भाजी वाढली.”

मग तिनं काय झालं होतं ते पहिल्यापासून सांगितलं. स्टॅबिलिटी म्हणजे गोळी ठेवून किती टिकते ते बघायचं; ही गोळी बारा महिने ठेवल्यावर जेवढी विरघळायला हवी तेवढी विरघळत नव्हती. तिनं तीनदा तपासलं आणि अठरा जूनला निकाल लिहिला, नापास. एकोणीसला फोल्डर बंद. पुढच्या महिन्यात तिची कच्च्या मालाकडे बदली झाली. सप्टेंबरात तिला कायम करायचं होतं, ते सहा महिन्यांनी लांबवलं. कारण लिहिलं, स्टॅबिलिटीचा अहवाल वेळेत दिला नाही. अहवाल लिहायला लागणारे आकडे त्या फोल्डरमध्ये होते.

“पाच महिने मी स्वतःलाच दोष देत होते,” ती म्हणाली. “मला वाटे, माझ्याच हातून काही दबलं गेलं असेल, काहीतरी डिलीट झालं असेल. घरी बाबा विचारायचे, तुझंच असं का होते? मी म्हणायची, कॉम्प्युटर खराब आहे.”

तिनं प्रिंट उचलून घडी केली, एप्रनच्या खिशात ठेवली आणि गेली.

नंदकुमार मिराशींकडे गेला. त्यांनी त्याला बसवलं, चहा मागवला. त्यानं ज्ञानदाच्या प्रिंटबद्दल सांगून जूनच्या फोनचा विषय काढला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“मी दिवसाला साठ फोन करतो, नंदकुमारराव. केला असेल, नसेल. आणि केला असला तरी फॉर्मशिवाय नाव काढायचं नाही, हा नियम कोणी केला?”

नियम त्यानंच केला होता.

“तिची चाचणी चुकली होती. दुसऱ्याकडून करून घेतली, पास झाली. विषय संपला.”

“मग तिला तसं सांगायचं होतं, सर.”

“सांगितलं की वाद सुरू होतात. नवीन मुलं, त्यांना वाटतं आपणच एक खरे.” मिराशींनी खणातून एक कोरा फॉर्म काढून त्याच्यापुढे सरकवला. “यात भरा. बदली झाली म्हणून नाव काढलं. मी सही करतो.”

“तिची बदली जुलैत झाली. नाव जूनमध्ये काढलंय.”

“तारखेचं तुम्ही बघा. यादी तुमच्या ताब्यात आहे, खातं तुमचं आहे.” मिराशी हसले. त्या हसण्यात राग मुळीच नव्हता. “आणि ते नाव-तारीख दाखवायचं काढून टाका. लोकांना समजेल असं लिहा म्हटलं होतं मी. एवढं समजवायला सांगितलं नव्हतं.”

नंदकुमारनं फॉर्म घेतला. का घेतला, हे त्याला पुढे कितीदा विचारूनही सांगता आलं नाही. त्या दोन ओळी त्यानं त्याच दुपारी रागिणीला फोन करून काढायला लावल्या. तिनं विचारलं, “क्यों सर? यही तो सबसे काम की चीज़ थी.” तो म्हणाला, ऊपर से है.

कोरा फॉर्म आठ दिवस त्याच्या खणात राहिला. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यानं ते फोल्डर उघडलं. त्याला सगळीच फोल्डरं उघडायची; इतक्या महिन्यांत कधीही उघडू शकला असता. ज्ञानदाचे तीन निकाल तिथे होते. प्रत्येकापुढे शेरा, ‘चाचणीत चूक, रद्द.’ चूक काय झाली, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. खाली दुसऱ्या एका केमिस्टच्या नावानं नवा निकाल, पास, आणि मिराशींची सही. त्याला त्यातलं रसायनशास्त्र कळत नव्हतं. कदाचित पोरीची खरंच चूक झाली असेल. कदाचित ती गोळी आज कुणाच्या तरी पोटात तशीच न विरघळता पडत असेल. त्याच्या घरातल्या डब्यातही रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, वंदनाच्या. त्यानं घरी जाऊन पाकिटावरचं नाव पाहिलं. दुसऱ्या कंपनीच्या होत्या. त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि मग आपल्याला सुटल्यासारखं वाटलं याचीच शिसारी आली.

वंदनाला त्यानं त्या रात्री जेवताना सगळं सांगितलं. तिनं पोळी खाली ठेवली.

“जुलैत तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“आणि ती दर रविवारी इथे बसत होती.”

“मला वाटलं, साहेबांचं काही कारण असेल.”

“ते कारण काय, हे तुम्ही विचारलंत का कधी?”

“हुकूम आला की विचारायची सवय नाही गं मला.”

“सवय नाही म्हणू नका,” वंदना म्हणाली. “माझ्या शाळेतल्या हेडमास्तरीणबाईंना तुम्ही मागे पाणी पाजलं होतंत. तिथे तुम्हाला भीती नव्हती. इथे होती, एवढंच म्हणा.” ती उठून ओट्याशी गेली, आणि त्या दिवशी दोघांचंही जेवण तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, तीन वाजता ॲडमिनचा मेल आला. ज्ञानदा इंगळे यांनी राजीनामा दिला आहे. आज सहाच्या आत त्यांचे फाइली उघडण्याचे सगळे हक्क काढून टाकावेत. सोबत फॉर्म जोडलेला. तारीख, कारण, दोन सह्या, शिक्का, सगळं अगदी नियमाप्रमाणे. नंदकुमार चौकशीला वर गेला तेव्हा कळलं की गोपनीय पडद्याची प्रिंट काढून ती खिशात ठेवल्याबद्दल तिला सकाळी बोलावलं होतं. चौकशी हवी की राजीनामा, असं विचारलं. ती चौकशी हवी म्हणाली. मग तिला समजावलं की चौकशी झाली तर अनुभवाच्या दाखल्यात ते लिहावं लागेल. तिनं जेवणाच्या सुट्टीत सही केली.

तो खाली आला. खालच्या मजल्यावर तिचं टेबल रिकामं होतं. सरोज तिथले बीकर धुऊन पालथे घालत होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

फॉर्म बरोबर होता. न करायला कारणच नव्हतं. नंदकुमारनं पावणेसहाला एकेका यादीतून तिचं नाव काढलं. एकूण सतरा याद्या होत्या. त्यातल्या स्टॅबिलिटीच्या यादीत ते नाव नव्हतंच.

मग त्यानं एक कोरा कागद घेतला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं. एकोणीस जून रोजी मी, नंदकुमार खटावकर, डॉ. देवदत्त मिराशी यांच्या तोंडी सांगण्यावरून ज्ञानदा इंगळे यांचा स्टॅबिलिटीचं फोल्डर उघडण्याचा हक्क काढला. लेखी हुकूम नव्हता. पुढे त्यांनी चौकशी केली तेव्हा मला कारण माहीत असूनही मी सांगितलं नाही. अहवाल उशिरा झाला यात त्यांचा दोष नाही. खाली सही, तारीख आजचीच.

शनिवारी सकाळी तो तिच्या पीजीवर गेला. खाली अंगणात कोवळं ऊन पडलं होतं आणि ज्ञानदा बॅगेला दोरी बांधत होती. दुपारच्या गाडीनं दिल्ली, तिथून अकोला. त्यानं कागद पुढे केला. तिनं तो नीट, शेवटपर्यंत वाचला.

“चांगलं लिहिलंय,” ती म्हणाली. “एकदम सोपं. कोणालाही समजेल.”

“तू हे जवळ ठेव. कुठे दाखवावं लागलं तर...”

“कोणाला दाखवू, सर? नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी हे काढून दाखवू? म्हणतील, ही भांडून आली.” तिनं कागद परत त्याच्या हातात दिला. “हे मला जुलैत पाहिजे होतं. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. नुसतं फोनवर म्हणाले असते ना तुम्ही, ‘ज्ञानदा, मुद्दाम बंद केलं आहे’, तर मी तेव्हाच्या तेव्हा वर गेले असते. तेव्हा माझ्या वहीत सगळं ताजं होतं. सोबतचे दोघं माझ्या बाजूनं बोलले असते. आता त्यातला एक बद्दीच्या कंपनीत गेला आणि दुसऱ्याचं प्रमोशन झालं.”

“माझं चुकलं.”

“हो,” ती म्हणाली.

त्यानं बॅग उचलायला हात पुढे केला. तिनं ती स्वतःच उचलली. फाटकाशी ऑटो उभी होती. काकूंना नमस्कार सांगा, असं ती म्हणेल म्हणून तो थांबला. ती तसं म्हणाली नाही.

सोमवारी त्यानं तो कागद, खाली फोल्डरमधल्या निकालांबद्दल दोन परिच्छेद लिहून, कंपनीच्या संचालकांना दिला, आणि न भरलेला फॉर्म त्याला जोडला. गुरुवारी त्यालाच मेमो मिळाला. लेखी हुकमाशिवाय एका कर्मचाऱ्याचा हक्क काढल्याचं त्यानं स्वतः कबूल केलं आहे, सबब खुलासा द्यावा. मिराशींनी लिहून दिलं होतं की असा कोणताही फोन त्यांना आठवत नाही, आणि खटावकरांसारख्या ज्येष्ठ सहकाऱ्याकडून असं व्हावं याचं त्यांना दुःख वाटतं. निकालांबद्दलच्या त्या दोन परिच्छेदांना उत्तरच नव्हतं. तो विषय त्याच्या कामाच्या कक्षेत येत नाही, एवढं तोंडी सांगितलं गेलं. त्यानं तेच परिच्छेद औषध नियंत्रकांच्या कार्यालयाला टपालानं पाठवले. पोच आली. त्यावर नंबर होता. पुढे काही आलं नाही. एकतीस डिसेंबरला त्याचा करार संपत होता, तो वाढवला नाही.

जायच्या आधी रागिणीचा फोन आला. कंपनीच्या वकिलांनी चौकट पाहिली होती. कोणाची चूक आहे आणि कोणाची नाही, हे कंपनीनं लेखी कबूल करणं धोक्याचं, असं त्यांचं मत पडलं. एक्स्टेंशन नंबरही नको. विभाग प्रमुखांना विचारा, एवढंच असावं. “सर, अब तो लगभग पहले वाला ही हो गया,” ती ओशाळून म्हणाली. नंदकुमारनं तिला धन्यवाद दिले आणि वही, किल्ल्या, ओळखपत्र टेबलावर ठेवून तो बाहेर पडला.

जानेवारीत महाराष्ट्र मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. त्या आठवड्यात धुकं इतकं होतं की दुपारी चारला गाड्यांचे दिवे लागलेले. जायचं नाही असं नंदकुमारचं म्हणणं होतं. वंदना म्हणाली, आपण कशाला लपून बसायचं? हॉल भरलेला होता. लष्करातल्या बायका, इस्पितळातले डॉक्टर, विद्यापीठातली दोन-तीन कुटुंबं, सगळी स्वेटर-शाली गुंडाळून तिळाच्या वड्या वाटत होती. मिराशी सपत्नीक आले होते. त्यांच्या बायकोनं वंदनापुढे डबा धरला. वंदना म्हणाली, “नको, घरी केल्यात,” आणि पुढे निघून गेली.

मिराशी स्वतः नंदकुमारजवळ आले. खांद्यावर हात ठेवला. “काय, नंदकुमारराव, तब्येत बरी ना? पंचकुल्यात एका शाळेला माणूस हवाय, कॉम्प्युटरसाठी. सांगून ठेवू का?” आणि तिळगुळाची वडी पुढे केली.

आजूबाजूला माणसं होती. सगळे बघत होते असंही नाही. नंदकुमारचा हात पुढे झाला, त्यानं वडी घेतली आणि तोंडात टाकली. “बघू,” तो म्हणाला.

परत येताना गाडी वंदना चालवत होती. धुक्यात पुढचं काही दिसत नव्हतं म्हणून ती अगदी हळू, कडेकडेनं चालली होती. सेक्टरच्या चौकात लाल दिव्याशी थांबल्यावर तिनं विचारलं, “ज्ञानदाचं काही कळलं का? लागली कुठे?”

“नागपूरला असेल,” नंदकुमार म्हणाला. “नक्की माहीत नाही.”

त्यानं कोणाला विचारलं नव्हतं. दिवा हिरवा झाला आणि वंदनानं गाडी काढली.